दोनशे नऊ किलोमीटर, चाळीस मिनिटं

—नाही नाही, थांबा, पेंटर, आकड्याला हात लावू नका. ‘अंतर’ लिहिलंत, ‘किलोमीटर’ लिहिलंत, झकास झालं, मधली जागा राहू द्या तशीच. पांढरा वाळला का? वाळू द्या की, घाई काय आहे. म्हणजे घाई आहे, साडेअकराच्या आत आकडा दिसायला हवा. पण आत्ता दहा वाजून दहा मिनिटं झालीत, आणि मी अजून ठरवलेलं नाही नक्की काय लिहायचं ते. हसू नका. तुम्ही विचारलंत, ‘साहेब, दोन्ही विमानतळांमधलं अंतर किती लिहू?’ एवढासा प्रश्न वाटतो ना? मी या चौकशीच्या खिडकीत सतरा वर्षं बसतोय. सतरा वर्षं लोक मला हेच विचारतात, किती लांब आहे, किती वेळ लागतो. दुसरं विचारणार काय? इथून एकच विमान उडतं, ते एकाच ठिकाणी जातं आणि दुपारी परत येतं. आजचं गेलं मघाशीच. दोनशे नऊ किलोमीटर, चाळीस मिनिटं. झोपेतून उठवलं तरी सांगेन. बायको म्हणते, सांगतोसही.

तर ते दोनशे नऊ. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, एक माणूस सोडून. तुम्ही शिडीवर आहात, ऐकू आलं नाही असं समजा. सतरा वर्षांपूर्वी हे विमानतळ उघडायचं होतं, त्या दिवशी अशीच शिडी होती, तुमच्यासारखाच एक पेंटर होता, आता वारला तो. वरून म्हणाला, ‘किती किलोमीटर?’ मुख्य कचेरीचा कागद माझ्या हातात होता. आणि त्या कागदावर माझा चहा होता. कप नव्हे, चहा. पहिला ‘दोन’ स्वच्छ दिसत होता, पुढचे दोन आकडे वाहून गेलेले. मोठे साहेब वीस मिनिटांत येणार. नोकरी लागून चार दिवस झालेले. चार दिवसांत मी काय सांगणार होतो, कागदाला चहा पाजला म्हणून? समोर घड्याळ होतं भिंतीवर. दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी म्हटलं, ‘लिहा, दोनशे नऊ.’

काय करता! साहेब आले, पाटीकडे बघून म्हणाले, ‘वा, सुवाच्य आहे.’ झालं. मग तिकडच्या विमानतळावरच्या चौकशीवाल्या बाईंचा फोन आला, ‘आमच्या पाटीवर काय लिहू हो?’ मी म्हटलं, दोनशे नऊ. मग वेळापत्रकात छापून आलं. मग शाळेच्या पुस्तकात आलं, जिल्ह्याच्या नकाशाखाली, बारीक अक्षरात. आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली, कारण ते पुस्तक शिकवायचं काम आमच्या सासऱ्यांकडे होतं.

सासरे म्हणजे भूगोलाचे मास्तर. चौतीस वर्षं भूगोल. मलाही त्यांनीच शिकवला, म्हणजे प्रयत्न केला. मी त्यांच्या वर्गात नकाशावर समुद्र तांबडा रंगवला होता, निळा संपला म्हणून. ते त्यांनी लग्नाच्या बैठकीत सांगितलं सगळ्यांसमोर. ‘मुलगा चांगला आहे, पण संपलं की काहीही वापरतो.’ अजून मला घरात जावईबापू म्हणतात, पण म्हणण्याचा सूर असा की बाकावर उभं राहावंसं वाटतं. तर मास्तर निवृत्त झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इथे हजर. ती तिसरी खुर्ची दिसते ना आत, काळी, हातावर रेक्झिन फाटलेली, ती त्यांची. हातात नकाशा, दोरा आणि थांबघड्याळ, शाळेच्या धावण्याच्या शर्यतीचं. विमान उडालं की घड्याळाची कळ दाबायची, तिकडून पोचल्याचा फोन आला की पुन्हा कळ. मग वहीत काहीतरी मांडायचं आणि खिडकीशी येऊन म्हणायचं, ‘जावईबापू, पाटी खोटं बोलते.’ नकाशावर दोरा ठेवला तर दोनशे तीन भरतात. विमानाचा वेग धरला तर दोनशे एक. दोनशे नऊ कशातच बसत नाही. ‘हा आकडा आला कुठून?’ रोज! अकरा वर्षं! आणि मी रोज सांगायचो, ‘मास्तर, वरून आलाय.’ तसं बघितलं तर खरंच होतं ते, घड्याळ वरच होतं.

आता तुम्ही म्हणाल, कबूल करून टाकायचं. सासऱ्यांपुढे? समुद्र तांबडा प्रकरणानंतर? तुम्हाला सासरे आहेत का? ...मग तुम्हाला कळणार नाही.

पण खरी गोष्ट घडली ती दीड महिन्यापूर्वी. त्या दिवशी चौदा प्रवासी होते. एक बाई मोठं वाजवायचं वाद्य घेऊन आल्या होत्या, माणसाएवढं, त्याचंही तिकीट काढलेलं. त्यांनी मास्तरांना सहज विचारलं, ‘किती लांब आहे हो?’ झालं की! मास्तर उठले. पाटी, दोरा, वेग, वेळ, सगळं सांगितलं. आणि वर म्हणाले, ‘बाई, ज्यांना अंतर माहीत नाही त्यांनी इंधन कशावरून भरलं असेल, हा विचार तुमचा तुम्ही करा.’ चौदातले नऊ जण रांगेतून बाहेर. बाईंनी वाद्यालाही बाहेर काढलं. कॅप्टन धावत आले, समजावून सांगतायत, ‘अहो, आम्ही पाटी बघून विमान चालवत नाही!’ कोण ऐकतंय? आणि माझं डोकं फिरलं, पेंटर. एवढ्या लोकांसमोर मी ओरडलो, ‘मास्तर, एवढी खुमखुमी आहे ना, तर जा, चालत जाऊन मोजा!’

त्यांनी दोरा गुंडाळला. म्हणाले, ‘बरं.’

नुसतं ‘बरं’. मला वाटलं रागावले, घरी जाऊन बसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फाटकाशी उभे. एकाहत्तरावं चालू आहे त्यांना. डोक्याला टोपी, पाठीला पिशवी, आणि हातात ते रस्ते मोजायचं चाक, काठीला चाक असतं आणि चाकाला फिरते आकडे असतात ना, ते. रस्ते खात्यात कुणी जुना विद्यार्थी आहे, त्याच्याकडून आणलेलं. आमच्या पाटीखाली चाक टेकवलं, आकडे शून्यावर आणले आणि निघाले. कसे? सरळ! विमान वळसे घेत नाही म्हणून तेही घेणार नाहीत. रोज सकाळी विमान डोक्यावरून गेलं की त्याच्या शेपटीकडे बघून दिशा घ्यायची आणि त्या रेषेत चालायचं. मध्ये जे येईल ते येईल.

आणि मध्ये काय नाही येणार, सांगा? मास्तर संध्याकाळी फोन करायचे, घरी नाही, इथे, चौकशीच्या फोनवर, म्हणजे अधिकृत. ‘जावईबापू, लिहून घ्या. आज नऊ किलोमीटर. दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या खोलीतून गेलो. पेशंटचं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्याच्याशी बोलणं झालं नाही.’ दुसऱ्या दिवशी छत्र्यांचं दुकान, पुढच्या दाराने आत, मागच्या खिडकीतून बाहेर. मग कोर्ट! खटला चालू, हे दोन वकिलांच्या मधून चाक फिरवत गेले. न्यायाधीश म्हणाले, ‘आपण कुणाच्या बाजूने?’ मास्तर म्हणाले, ‘कुणाच्याच नाही, मी सरळ जातोय.’ न्यायाधीशांनी म्हणे चष्मा काढून पुसला आणि पट्टेवाल्याला पलीकडचं दार उघडायला सांगितलं. एका घरात नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं, दोघं खोलीच्या दोन टोकांना. हे मधून गेले. परत आले, कारण चाक उंबऱ्याला अडकलं. तेवढ्यात दोघं हसायला लागले म्हणे. आता हे सगळं मी इथे बसून लिहून घेतोय, आणि दर ओळीला पेन खाली ठेवतोय. कारण माणूस एकाहत्तर वर्षांचा, उन्हातून चालतोय, कशासाठी? माझ्या चहासाठी!

आणि घरी? घरी बायको बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण कशी, आमच्या इथल्या सूचनेच्या आवाजात. ‘कृपया लक्ष द्या. जेवण टेबलावर ठेवलेलं आहे. त्यानंतरची जबाबदारी आमची नाही.’ तेवीस दिवस! मी म्हटलं, अगं, मी रागात बोलून गेलो, ते खरंच निघतील असं वाटलं का मला? ती म्हणाली, ‘माझ्या बाबांना ओळखत नसशील तर सांग. चौकशीला बसतोस ना?’ वर्मावर बोट. मग मी गुपचूप मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. म्हटलं खरा आकडा मिळाला तर फोनवरच सांगू, मास्तर, तुम्ही जिंकलात, परत या. आठ दिवसांत उत्तर आलं. शिक्का, सही, सगळं. ‘आपण विचारलेलं अंतर दोनशे नऊ किलोमीटर आहे. आधार: आपल्या विमानतळावरील पाटी.’ वाचून मी डोक्याला हात लावला. मग तिकडच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘असं काय करता, तुम्हीच नाही का सांगितलंत?’ कॅप्टनना विचारलं. ते म्हणाले, ‘आम्ही वेगळ्या मैलात मोजतो, आणि तुमच्या पाटीपासून नाही मोजत, आकाशातल्या खुणेपासून मोजतो.’ म्हणजे बघा, पाटीपासून पाटीपर्यंतचं अंतर अख्ख्या जगात कुणालाच माहीत नव्हतं. एक माणूस ते काढायला गेलेला, आणि त्याला मी हाकललेलं.

कॅप्टन मात्र भला माणूस. रोज आत जाण्याआधी खिडकीशी यायचे, ‘कुठवर आले सासरे?’ मी सांगायचो. मग वर गेल्यावर प्रवाशांना सांगायचे, ‘डाव्या हाताला खाली बघा, चौकशीच्या साहेबांचे सासरे दिसतील.’ सगळे डावीकडे! एकदा विमान कललं म्हणे जरासं, मग पुढे सांगायला लागले, ‘पाळीपाळीने बघा.’ खालून मास्तर टोपी हलवायचे. ते प्रवाशांसाठी नाही हो, ते दिशा घेत असायचे, पण वरून हलवल्यासारखं दिसायचं.

तेविसाव्या दिवशी फोन आला, मास्तरांचा नाही, तिकडच्या बाईंचा. ‘तुमचा माणूस आमच्या धावपट्टीवर आलाय. भिंत आडवी आली तर कुणाकडून तरी शिडी मागून घेऊन चढला. पहारेकऱ्यांनी धरून बसवलंय. तो म्हणतोय अजून चारशे मीटर राहिलेत, तेवढं संपू द्या मग हवं तर अटक करा. तुम्ही येऊन सही करून घेऊन जा. आत्ताच्या विमानाने या.’ विमानाने! पेंटर, आता हे हळू बोलतो. मी सतरा वर्षांत विमानात बसलेलो नव्हतो. एकदाही नाही. भीती हो, दुसरं काय. लोकांना चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं सांगायचो, ती कशी असतात मला काय ठाऊक! बसलो. पट्टा दोनदा आवळला. चाळीस मिनिटं, शपथेवर सांगतो, चाळीस नसतात. निघताना पाच, मध्ये दीड तास, आणि उतरताना एक जन्म.

तिकडे पोचलो. एका लहान खोलीत मास्तर खुर्चीवर. एका बुटाचा तळ नाही, तिथे छत्रीचं काळं कापड शिवलेलं. दाढी पांढरी वाढलेली. शेजारी पहारेकरी बसलेला, चांगला आडदांड गडी, पण रडवेला. मी म्हटलं, काय झालं? पहारेकरी म्हणाला, ‘काही नाही साहेब, चारशे मीटर मी स्वतः बरोबर चालून पुरे करून दिले. हात धरून. आता आकडा सांगत नाहीत.’ मी खाली बसलो त्यांच्यासमोर, म्हटलं, मास्तर, माफ करा, पण किती भरलं ते सांगा. त्यांनी चाक माझ्याकडे फिरवलं. आकड्यावर एक्केचाळीस. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, ‘पाचव्या दिवशी अडकलं. एका फाटकात आपटलं.’

पाचव्या दिवशी! पुढचे अठरा दिवस चाक मुकं. आणि मला रोज फोनवर सांगायचे, आज नऊ, आज आठ, अंदाजाने! चौतीस वर्षं मुलांना ‘अंदाजपंचे लिहू नका’ म्हणून कान पिळणारा माणूस! मी म्हटलं, अहो, मग परत का नाही आलात? मास्तरांनी चाक पुन्हा स्वतःकडे वळवून घेतलं. मग म्हणाले, ‘बातमी पुढे गेली होती, जावईबापू. पुढच्या घरातल्या बाईंनी आदल्या दिवशीच कपाट सरकवून ठेवलं होतं. एकट्या राहतात, शेजाऱ्यांना बोलावून सरकवलं. त्याच्या पुढच्या घरी पलंग बाहेर काढलेला. एका कारखान्यात यंत्र दहा मिनिटं बंद ठेवणार होते. त्यांना काय सांगू, चाक बिघडलं, येत नाही म्हणून?’

...नाही, काही नाही, रंगाचा वास झोंबतो डोळ्यांना. तुम्हाला सवय असेल.

येताना विमानात त्यांना खिडकी दिली. तेही पहिल्यांदाच बसत होते. जगभरचे नकाशे शिकवले, जमीन वरून पहिल्यांदा बघत होते. काचेला नाक लावून बसले, लहान मुलासारखे. ‘ते लाल छप्पर, तिथे झोपलो होतो. तो कारखाना. ते बघा, ते कपाटवाल्या बाईंचं घर, गच्चीवर उभ्या आहेत का हो त्या?’ मला काय दिसणार, माझे डोळे मिटलेले. आणि तेवढ्यात विमानाने असा एक गचका दिला, म्हणजे खालची जमीनच काढून घेतली कुणी. मला वाटलं संपलं. आणि मरताना माणूस खोटं घेऊन जात नाही, पेंटर. मी मास्तरांचा हात धरला आणि सगळं ओकलो. चहा सांडला, आकडे वाहून गेले, घड्याळात दोन वाजून नऊ मिनिटं, मी मनाने लिहिलं, मास्तर, सतरा वर्षं! विमान लगेच सरळ झालं. नालायक. दोन मिनिटं थांबलं असतं तर सुचलं असतं काहीतरी.

मास्तरांनी काय केलं? काही नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, ‘डोकं जरा मागे घ्या, तळं येतंय. ते मी होडीतून पार केलं.’

बस्स. घरी आले, बायको बोलायला लागली, सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण मास्तर दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. आज बरोबर बावीस दिवस झाले, ती खुर्ची रिकामी. मी दोनदा गेलो. म्हटलं, मास्तर, चला, बदलतो पाटी, तुम्ही सांगाल तो आकडा लिहितो. भिंतीकडे बघत म्हणाले, ‘असू दे. दोनशे नऊ बरोबर आहे.’ अकरा वर्षं माझ्याशी भांडलेला माणूस म्हणतो, असू दे! अहो, समुद्र तांबडा म्हणून चिडले असते तर मी आनंदाने बाकावर उभा राहिलो असतो. जेवायला बसवलं तर चार घास, ऊठ. बायको परवा रडली. म्हणाली, ‘बाबा गोळ्यासुद्धा मोजून घेत नाहीत रे. मुठीत येतील तेवढ्या घेतात.’ रात्रंदिवस मोजणारा माणूस, त्याला मोजायलाच काही उरलं नाही. दोनशे नऊ कुठून आलं हेच शोधत होते ना, ते मी विमानात सांगून टाकलं. गचक्यापायी!

काय म्हणालात? दोनशे तीन लिहू, दोऱ्याचा आकडा? तेही बघितलं मी विचार करून. दोनशे तीन लिहिलं तर काय होईल? ते म्हणतील, बरोबर आहे, आणि घरी बसतील. घरी तर ते बसलेच आहेत. नाही, पेंटर. ठरलं आता. ब्रश बुडवा. लिहा... दोनशे एकतीस.

चूक आहे, माहीत आहे मला चूक आहे! धडधडीत चूक आहे. म्हणूनच. दोनशे पाच लिहिलं तर ‘असू दे’ म्हणतील, दोनशे बारा लिहिलं तरी म्हणतील. दोनशे एकतीसला ‘असू दे’ म्हणणारा भूगोलाचा मास्तर अजून जन्माला यायचाय. साहेब रागावतील? साहेबांना विचारलं तर ते पाटी बघून सांगतील. विमान? विमान काय पाटी वाचतं? लिहा. आज साडेअकराच्या बसने बायको त्यांना दवाखान्यात नेतेय, बस या समोरच्या रस्त्यानेच जाते. तिला म्हटलंय, उजव्या बाजूच्या खिडकीत बसव त्यांना आणि एक शब्द बोलू नकोस. तेव्हा मोठं लिहा. धावत्या बसमधून म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल एवढं. हां. असा दोन. वा. तीन जरा जाड करा... अजून... किती वाजले? अरे बापरे, अकरा बावीस, बोलण्यात बघितलंच नाही मी. एक काढा, एक काढा लवकर, एक काय, उभी रेघ तर आहे!

आली. ती बघा वळणावर. तुम्ही जरा बाजूला व्हा ना, तुमच्या पाठीमागे एकतीस झाकला जातोय. डोकं खाली. हां. गेली... गेली पुढे. दिसलं असेल का? उजव्या खिडकीत टोपी होती का हो, तुम्ही उंचावर आहात, सांगा ना... नाही थांबली. स्टॉप पुढे आहे, पाचशे मीटरवर, तिथे थांबली तरी उतरणार ती दवाखान्याचीच माणसं... असू दे. आवरा तुमचं. चाळीस मिनिटं मात्र तशीच ठेवा, ती खरी आहेत साधारण—

थांबा. बस थांबली. मधेच थांबली, स्टॉप नसताना. दार उघडलं. टोपी! टोपी आहे ती! बायको मागून हाका मारतेय आणि हे बघतसुद्धा नाहीत, तोंड चालू झालंय इथूनच, काठी बघा कशी आपटतायत, रस्ता नाही काही नाही, सरळ निघाले कुंपणातून! पेंटर, उतरा खाली. पटकन. डबा घ्या, शिडी घ्या आणि मागच्या दाराने निघा. अहो, नंतर भेटा, उद्या भेटा! मी तुम्हाला ओळखत नाही. हा आकडा वरून आलाय. जा, जा म्हणतो ना!